माशाच्या आधी माशाचा घास



मुंबईला आलेली शाळेची सहल मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्याशिवाय परतत नसे, असा एक काळ होता. १९५१ मध्ये उभारलेल्या त्या वास्तूत काचेमागच्या रंगीत माशांपाशी मुले रेंगाळत. माशाचे नाव काय, तो कोणत्या समुद्रातला, किती मोठा होतो, असे प्रश्न विचारले जात. तो जन्मल्यावर पहिल्यांदा काय खातो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नसे. वस्तुतः समुद्री शोभिवंत माशांच्या संगोपनाचे सारे यशापयश या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. कोकणच्या किनाऱ्यावर हा व्यवसाय रुजावा अशी इच्छा असणाऱ्यांनी तर त्याचे उत्तर सर्वांआधी समजून घेणे अगत्याचे आहे.

गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे आणि समुद्रातील शोभिवंत मासे यांच्या व्यापारात एक मूलभूत भेद आहे. गप्पी, मोली, सोनमासा हे मासे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढत आले आहेत. एखाद्या होतकरू तरुणाने घराच्या ओटीवर चार टाक्या मांडल्या तरी त्यांची पिले निपजतात. समुद्री माशांचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न असलेल्या केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख समुद्री शोभिवंत माशांचा व्यापार होत होता. त्यांत १,४७१ जातींचा समावेश होता आणि त्यांतील बहुतेक सर्व मासे प्रवाळांच्या आश्रयाने राहणारे, थेट समुद्रातून पकडलेले होते. काही देशांत तर ते पकडण्यासाठी सायनाइडसारखे विष प्रवाळांच्या कपारींत फवारले जाते. त्यात मासा गुंगतो व हाती लागतो. त्याच्याबरोबर प्रवाळही मरतात.

मग हे मासे टाकीतच का निपजवू नयेत? अंडी मिळवणे ही यातील मोठी अडचण नाही. चांगले पाणी, योग्य जोडी आणि थोडा धीर असला की पुष्कळ जातींचे मासे टाकीत अंडी देतात. अडचण उभी राहते ती अंडी फुटल्यानंतर.

कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडले की त्याच दिवशी दाणा टिपू लागते. समुद्राच्या पाण्यात मोकळी अंडी सोडणाऱ्या माशांचे पिलू जन्मते तेव्हा त्याला तोंड उघडलेले नसते आणि डोळे काम देत नसतात. माशाचे रूप यायचे असलेल्या या अवस्थेतील जीवाला डिंभ म्हणतात. पोटाशी असलेल्या बलकाच्या पुरचुंडीवर तो दोन-तीन दिवस काढतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडते, डोळ्यांत रंग भरतो आणि बलक संपत येतो. यानंतर त्याच्या हाती फार तर एक-दोन दिवस असतात. एवढ्या अवधीत त्याला गिळता येईल असा घास भोवताली सापडला तर तो जगतो. न सापडल्यास तो इतका क्षीण होतो की त्यानंतर अन्न समोर आणून ठेवले तरी ते टिपण्याची शक्ती त्याच्यात उरत नाही. सायंकाळी हजारो डिंभांनी गजबजलेली टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी दिसते, ती यामुळे. नवखा संगोपक अशा वेळी पाण्याला दोष देतो किंवा कसला तरी रोग शिरला असे समजतो. बहुधा यांपैकी काहीच झालेले नसते. ती पिले उपाशी मेलेली असतात.

या पहिल्या घासाच्या अटी कडक आहेत. तो डिंभाच्या तोंडात मावला पाहिजे. कित्येक जातींत हे तोंड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढे असते. शिवाय तो घास हलला पाहिजे, कारण डिंभ हलणारी वस्तूच भक्ष्य म्हणून ओळखतो. आणि तो पोषक असला पाहिजे. कोकणात जवळा घरोघरी परिचित आहे. सुकवलेला जवळा कुटून त्याची वस्त्रगाळ पूड पाण्यात सोडली तर काम भागणार नाही काय, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या कोणाही माणसाला सुचेल, आणि तो चुकीचा नाही. मोठ्या माशाला ती पूड चालते. डिंभाला ती दिसतच नाही. ती तळाशी बसते, कुजते आणि पाणी नासवते. जवळा ज्या कवचधारी प्राण्यांच्या गोतावळ्यातला आहे, त्याच गोतावळ्यातील त्याहून कितीतरी लहान आणि जिवंत आप्त येथे हवे असतात. त्यांपैकी दोघांची ओळख येथे करून द्यावयाची आहे. रोटिफर नावाचा आणखी एक सूक्ष्म जीव उबवणी केंद्रांत सर्रास वापरला जातो. परंतु तो कवचधारी नव्हे, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे.

पहिला प्राणी आर्टेमिया. हा मिठागरांचा रहिवासी. समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात, जेथे त्याला खाणारा मासा जगू शकत नाही, तेथे तो सुखाने नांदतो. पूर्ण वाढ झालेला आर्टेमिया सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो आणि पाठ खाली, पाय वर करून पोहतो. सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयातील अल्विन सील यांनी १९३३ मध्ये माशांचे जिवंत खाद्य म्हणून त्याची उपयुक्तता प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर जगभरच्या मत्स्यालयांत व उबवणी केंद्रांत त्याचा शिरकाव झाला. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध जुना आहे. मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळतो, अशी नोंद मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये केली होती. पुढे शहराच्या वाढीत मिठागरे आक्रसत गेली आणि तो जीव शास्त्रीय नोंदींपुरता राहिला. देशातील उबवणी केंद्रांची भिस्त आजही मुख्यतः परदेशातून येणाऱ्या डबाबंद अंड्यांवर आहे, आणि त्या अंड्यांचा एक मोठा स्रोत म्हणजे अमेरिकेतील यूटा राज्याचे ग्रेट सॉल्ट लेक हे सरोवर होय. त्या सरोवराची पातळी २०२२ मध्ये नोंदींच्या इतिहासातील नीचांकाला गेली, तेव्हा जगभरच्या संगोपकांना चिंता वाटली. हजारो कोसांवरचे एक तळे आटले तर कोळंबीच्या आणि माशांच्या पिलांची पंचाईत व्हावी, इतके हे परावलंबन आहे.

आर्टेमियाची खरी किमया त्याच्या अंड्यात आहे. पाणी आटू लागले की मादी कठीण कवचाची अंडी देते. नाचणीच्या रव्यासारखी दिसणारी ही तपकिरी भुकटी कोरडी व हवाबंद ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकते. एका ग्रॅममध्ये अशी दोन ते तीन लक्ष अंडी मावतात. खाऱ्या पाण्यात पडली की चोवीस तासांच्या आत-बाहेर त्यांतून नारिंगी रंगाची चिमुकली पिले बाहेर पडतात. त्यांना नॉप्लिअस असे नाव आहे. त्यांची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर.

उपस्थित शिक्षकांना येथे एक सुचवावेसे वाटते. हा प्रयोग कोणत्याही माध्यमिक शाळेत करता येतो, मग ती किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर का असेना. प्लॅस्टिकची एक लिटरची पारदर्शक बाटली घ्यावी, तिचा तळ कापावा आणि ती उलटी टांगावी. एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडून गेलेल्या एक लिटर पाण्यात पंचवीस ते तीस ग्रॅम साधे खडे मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा आणि ते बाटलीत भरावे. एक ग्रॅम अंडी टाकून लहान एअर पंपाची नळी थेट बुचापर्यंत सोडावी, म्हणजे अंडी तळाशी न बसता सतत घुसळत राहतील. वर दिवा असावा, पाणी कोमट म्हणावे इतपत, म्हणजे सव्वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस राहावे. दुसऱ्या दिवशी हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी टरफले वर तरंगतात आणि पिले खाली उतरतात. बाटलीचा वरचा भाग काळ्या कागदाने झाकून खाली दिवा धरला तर ती उजेडाकडे झेपावतात. हा देखावा पाहिलेला विद्यार्थी कवचधारी प्राण्यांवरचा धडा विसरणार नाही. पिले बारीक गाळणीत घेऊन स्वच्छ पाण्याने धुवावीत. टरफले मात्र काटेकोरपणे वेगळी करावीत. ती डिंभाच्या पोटात गेल्यास पचत नाहीत व आतडे तुंबते. मोठ्या केंद्रांत अंड्यांचे कवच हायपोक्लोराइटच्या द्रावणाने आधीच विरघळवून टाकतात, परंतु ते काम जोखमीचे असल्याने शाळेत करू नये.

आर्टेमिया इतका सोयीचा आहे की संगोपकाला वाटते, आता आणखी काही नको. येथेच पुष्कळांची फसगत होते. एक तर अर्ध्या मिलिमीटरचा हा घास नवजात डिंभाच्या तोंडापेक्षा मोठा असतो. दुसरे असे की जन्मलेला नॉप्लिअस पहिले काही तास काही खात नाही, स्वतःचा बलक जाळीत राहतो. चोवीस तास ठेवला तर त्यातील सुमारे पाव ऊर्जा खर्ची पडलेली असते. म्हणून तो ताजा असतानाच खाऊ घातला पाहिजे. तिसरी उणीव सर्वांत गंभीर. समुद्री माशाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीस डीएचए हे मेदाम्ल अत्यावश्यक असते, आणि आर्टेमियात ते जवळजवळ नसते. तेलाच्या विशेष पायसात बारा ते चोवीस तास ठेवून ते त्याच्या पोटात भरावे लागते. हे न करता केवळ आर्टेमियावर वाढवलेली पिले काही दिवस तरारलेली दिसतात. मग टाकी बदलताना किंवा पाणी किंचित गार झाले तरी एकाएकी मरतात. अंगावरचे रंग फिके राहतात आणि पट्टे अपुरे भरतात. शोभेसाठी पाळावयाच्या माशाचा पट्टाच अपुरा राहिला तर त्याचा भाव काय येणार?

आता दुसरा प्राणी. मराठीत शास्त्रज्ञांनी त्याला अरित्रपाद म्हटले आहे. अरित्र म्हणजे वल्हे. ज्याचे पाय वल्ह्यांसारखे चालतात तो अरित्रपाद. व्यवहारात कोपेपॉड हे नावच रूढ आहे. समुद्राच्या पाण्याची एक बादली भरली आणि भिंगाखाली पाहिली तर जे टिंबांसारखे जीव झटके देत पळताना दिसतात, त्यांतील बहुसंख्य हेच. समुद्रातील बहुतेक माशांच्या डिंभांचा नैसर्गिक पहिला घास अरित्रपादाचा नॉप्लिअस हाच असतो. काही जातींत तो पन्नास-साठ मायक्रॉनपेक्षा रुंद नसतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तो थबकत-थबकत, मध्येच उसळी घेत पोहतो आणि त्या उसळीनेच डिंभाचे लक्ष वेधले जाते. योग्य शैवालावर पोसलेल्या अरित्रपादांत डीएचएही भरपूर असते; बाहेरून भरावे लागत नाही.

या भेदाचे महत्त्व किती, हे हवाई बेटांतील एका उदाहरणावरून कळते. तेथील पिवळा टँग हा मासा जगभरच्या मत्स्यालयांचा लाडका, आणि त्याची सारी मागणी समुद्रातील पकडीतूनच भागवली जाई. ओशनिक इन्स्टिट्यूट या तेथील संस्थेत तो टाकीत अंडी देत असे, अंडी फुटतही असत. पण पिले काही दिवसांपलीकडे जगत नसत. त्यांच्या तोंडात मावेल असा घास नव्हता. पार्व्होकॅलॅनस नावाच्या अतिसूक्ष्म अरित्रपादाची मोठ्या प्रमाणावर जोपासना साधल्यावर वाट मोकळी झाली आणि अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पहिली पिले पूर्ण वाढीपर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निळ्या टँगच्या बाबतीतही असेच यश मिळाले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळमधील विळिंजम केंद्रात अरित्रपादांच्या जोपासनेवर बराच अभ्यास झाला आहे.

अरित्रपादाची शेती कशी करावयाची, हे आता थोडे विस्ताराने पाहू. शेती हा शब्द येथे अलंकारिक नाही. येथे पीक दोन थरांचे असते. आधी हिरवे पाणी पिकवायचे आणि मग त्यावर अरित्रपाद चारायचे. हिरवे पाणी म्हणजे आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस, किटोसेरॉस अशा एकपेशीय शैवालांची दाट वाढ. काचेच्या चंबूत, गाळलेल्या व उकळून थंड केलेल्या समुद्रजलात थोडे शैवालबीज, नायट्रेट व फॉस्फेट यांचे पोषक द्रावण, ट्यूबलाइटचा उजेड आणि हवा एवढ्यावर ते आठवड्याभरात दाट होते. चंबूतून बरणीत, बरणीतून पिंपात असे ते वाढवीत न्यावे. प्रत्येक पायरीवर थोडे बीज मागे राखून ठेवावे. शेतकऱ्याला बियाण्याची कणगी राखण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. येथेही नियम तोच.

अरित्रपादांचे मूळ बीज संशोधन केंद्रातून घेता येते किंवा समुद्रातून बारीक जाळीने गोळा करता येते. समुद्रातून घेतल्यास नमुन्यात शंभर प्रकारचे जीव येतात. त्यांतून अंड्यांची पिशवी वाहणाऱ्या माद्या भिंगाखाली काचनळीने एकेक उचलून वेगळ्या कराव्या लागतात. हे काम चिकाटीचे आहे. नीट पारखलेल्या पंधरा-वीस माद्यांपासून काही आठवड्यांत बादलीभर वस्ती उभी राहते, कारण उबदार पाण्यात अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा प्रवास बहुतेक जातींत दहा-बारा दिवसांत पुरा होतो. सहा नॉप्लिअस अवस्था, पुढे पाच अवस्था आणि मग प्रौढ, असे अकरा वेळा कात टाकून हे घडते.

नवख्याने सुरुवात तळाशी सरपटणाऱ्या टिस्बेसारख्या जातीने करावी. ती पसरट ट्रेमध्ये वाढते, गर्दी सोसते, हवा काही तास बंद पडली तरी तगून राहते. पाण्यात तरंगणाऱ्या अकार्शियासारख्या जाती डिंभांना अधिक पसंत पडतात, पण त्या मानी आहेत. एका मिलिलिटरमध्ये एक-दोन प्रौढांपेक्षा जास्त गर्दी त्यांना मानवत नाही. त्यांची मादी अंडी पिशवीत न ठेवता पाण्यात सोडते, आणि ती तळाशी राहू दिली तर प्रौढच खाऊन टाकतात. म्हणून रोज सकाळी नळीने तळ शोषून अंडी वेगळ्या भांड्यात घ्यावी लागतात. पाण्याची क्षारता दर हजारी तीस ते पस्तीस भाग, तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश आणि हवेचे बुडबुडे अगदी मंद असावेत, जोराच्या बुडबुड्यांनी हे जीव आपटून मरतात. शैवाल रोज थोडे घालावे. पाण्याला फिक्या चहासारखी छटा असावी; ती दुसऱ्या दिवशी निवळली तर चारा पुरला नाही, तशीच गडद राहिली तर चारा जास्त झाला. काढणी करताना पाणी दोन जाळ्यांतून सोडतात. मोठ्या छिद्रांच्या जाळीवर प्रौढ अडकतात, ते परत पिंपात जातात. त्यांतून निसटलेले नॉप्लिअस चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या जाळीवर मिळतात, ते डिंभांच्या टाकीत. आठवड्याला एक-तृतीयांशाहून अधिक काढणी करू नये.

नुकसान कोठून येते हेही सांगितले पाहिजे, कारण पुस्तकांत ते अखेरच्या पानावर असते आणि प्रत्यक्षात पहिल्या महिन्यातच गाठते. रोटिफर व अरित्रपाद एकाच खोलीत वाढवले आणि एकच मग दोन्हीकडे वापरला, तर चार दिवसांत रोटिफर पिंप बळकावतात. त्यांची वाढ अधिक वेगाची असते. प्रत्येक पिंपाची जाळी, नळी, मग वेगळा असावा आणि त्यावर रंगाने खूण असावी. तांबे हा कवचधारी प्राण्यांना जालीम विष आहे. घरात तांब्याचा हंडा कितीही पवित्र असो, त्यातील पाणी या पिंपात जाता कामा नये, पितळी तोटी असू नये. माशांच्या रोगावर देतात त्या औषधांतही पुष्कळदा तांब्याचे क्षार असतात. औषध दिलेल्या टाकीचे पाणी किंवा जाळी अरित्रपादांकडे नेली की वस्ती संपते. डासांसाठी खोलीत फवारा मारणे हाही त्यांच्या मुळावर येणारा प्रकार आहे.

कोकणापुरती एक अडचण ऋतूची आहे. जून ते सप्टेंबर या काळात खाड्यांचे पाणी जवळजवळ गोडे होते, किनाऱ्यालगतचेही बरेच पातळ व गढूळ होते. पावसाळ्यापूर्वी पुरेसे समुद्रजल गाळून, निर्जंतुक करून, झाकलेल्या टाक्यांत साठवले नाही तर आषाढात काम बंद पडते. दुसरी अडचण विजेची. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकले, त्यानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि शेजारच्या गावी दुसऱ्या कोणाकडे ठेवलेले थोडे बीज, हे दोन उपाय खर्चाचे नाहीत. दुसरा अधिक मोलाचा आहे. एका ठिकाणचे बीज गेले तर दुसरीकडून मिळते.

घरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणाऱ्या हौशी मंडळींसाठीही अरित्रपाद उपयोगी आहेत. मँडरिन नावाचा नक्षीदार मासा दिवसभर खडकांवरून अरित्रपाद टिपीत फिरतो आणि सुके खाद्य बहुधा तोंडात घेत नाही. लहान पेटीतील अरित्रपाद तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग मालकाच्या डोळ्यांदेखत खंगत जातो. पेटीला जोडून मासे नसलेला एक कप्पा करावा, त्यात दगडांचे तुकडे व समुद्री शैवालाचा गुंता ठेवावा. तेथे अरित्रपाद निर्धास्तपणे वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे-थोडे पेटीत येत राहतात. एवढी सोय करावयाची नसेल त्याने तो मासा विकत न घेणेच बरे.

महाराष्ट्रात ऐरोली येथील सागरी व किनारी जैवविविधता केंद्राच्या आवारात कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांच्या सहकार्याने जोकर माशांचे उबवणी केंद्र उभे राहिले आहे. जोकर माशाची निवड शहाणपणाची आहे. त्याचे डिंभ तुलनेने मोठे, तीन-चार मिलिमीटरचे असतात आणि रोटिफरवरही जगतात. अरित्रपादांची जोड मिळाली की अधिक जोमदार होतात. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र व मत्स्य महाविद्यालय या दोन्ही संस्था आहेत. मार्गदर्शनासाठी कोकणातील गटांना फार दूर जावे लागणार नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाचा, गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांसाठी, समावेश करण्यात आला. महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना घटक खर्चाच्या साठ टक्के आणि इतरांना चाळीस टक्के साहाय्याची तरतूद तीत होती. अशा प्रस्तावांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. प्रस्तावात टाक्या, पंप, शेड यांचा हिशेब असतोच; खाद्याची खोली कोठे आहे, हे विचारावे. जेथे पिलांची पैदास करावयाची आहे, तेथे शैवालासाठी व जिवंत खाद्यासाठी स्वतंत्र, थंड, बंदिस्त जागा नसेल तर टाक्यांवरील खर्च वाया जाण्याचा संभव मोठा. केवळ उबवणी केंद्रातून वाढलेली पिले आणून ती मोठी करून विकणाऱ्या गटाला मात्र एवढा पसारा लागत नाही. त्याला आर्टेमिया पुरतो. दोन्ही प्रकारांना एकच मापदंड लावू नये.

ग्रामपंचायतींनी समुद्राचे पाणी उचलण्याची आणि वापरलेले पाणी सोडण्याची जागा ठरवून द्यावी. सांडपाण्याच्या नाल्याजवळून पाणी उचलले गेल्यास कोणतेही कौशल्य कामाला येत नाही. समुद्रघोडे व प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीत जाळी टाकण्यावर निर्बंध आहेत, याची कल्पना गटातील प्रत्येकीला पहिल्याच दिवशी दिलेली असावी. गटात मासेमार घरांतील महिला असतील तर त्यांना भरती-ओहोटीचे, पाण्याच्या रंगाचे आणि वासाचे ज्ञान आधीपासून असते. भिंगातून थेंब पाहून त्यातील जीव मोजण्याची सवय तेवढी नवीन असते, आणि ती आठ-पंधरा दिवसांत लागते.

कामाचा आरंभ पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात करावा. पहिले तीन महिने मासा विकत घेऊ नये. शैवाल, मग अरित्रपाद, एवढेच करावे. रोज सकाळी एक मिलिलिटर पाण्यातील अरित्रपाद मोजून वहीत आकडा लिहावा. पिंप एकदा तरी नासेल. ते राखलेल्या बीजातून पुन्हा उभे करता आले म्हणजे गट तयार झाला असे समजावे. मग जोकर माशांची जोडी आणावी. जोडी जमली की ती टाकीतील फरशीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते आणि नर पंखांनी वारा घालीत ती राखतो. सात-आठ दिवसांनी, रात्री, अंधार पडल्यावर ती फुटतात. फरशीवर अंडी दिसल्यावर अरित्रपादांच्या शोधात निघणाऱ्याला ते सात-आठ दिवस पुरत नाहीत.